टायरमध्ये साडेतीन किलो हवा!

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण ही गोष्ट जामनेरला आजोबांना वाचून दाखवायची आहे, म्हणून हा प्रयत्न.

सेकंड इयरला थर्मोडायनॅमिक्समध्ये माझी केटी लागली. चार मार्कांनी! दहावीपर्यंत पहिल्या तिनात असणारी मी होस्टेलच्या गच्चीवर बसून खूप रडले. घरी सांगायची हिंमतच होईना. शेवटी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. आठ मार्कांचं एक गणित होतं. टायरचं आकारमान 30 लिटर, गेजवर दाब 207 किलोपास्कल, तापमान 40 अंश सेल्सिअस, तर आत हवा किती किलो? माझं उत्तर 3.55 किलो. शेजारी मोठ्ठं लाल प्रश्नचिन्ह.

मी तर सगळं नीट केलं होतं! 40 मध्ये 273 मिळवून 313 केल्विन केले. लिटरचे घनमीटर केले. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो, म्हणून त्यात वातावरणाचे 101 मिळवून 308 किलोपास्कल घेतले. पाठ असलेला आर, 8.314, खाली टाकला. कॅल्क्युलेटरही तेच म्हणत होता, 3.55. मग चुकलं कुठे?

दिवाळीला घरी गेले आणि आजोबांना खरं सांगून टाकलं. आजोबा जिनिंगमध्ये दिवाणजी होते, आयुष्यभर कापसाचे हिशेब लिहिले. रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘खंडी म्हणजे किती किलो, सांग बरं?’’

‘‘356.’’ एवढं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

‘‘ती रुईची. धान्याची खंडी वीस मणांची, आणि मणसुद्धा प्रत्येक गावचा वेगळा. नुसतं खंडी म्हणणाऱ्याशी सौदा करू नये. आधी विचारावं, कशाची?’’

डोक्यात एकदम प्रकाश पडला. माझा 8.314 कशाचा होता? एका मोलचा! म्हणजे उत्तर 3.55 मोल आलं होतं आणि मी बिनधास्त ‘किलो’ लिहून मोकळी झाले होते. हवेचा एक मोल साधारण 29 ग्रॅमचा. 3.55 गुणिले 29, म्हणजे 103 ग्रॅम. किलोतच उत्तर हवं होतं तर हवेचा 287 घ्यायचा, तो एका किलोचा असतो. त्याने सरळ 0.103 किलो येतं. साडेतीन किलो हवा भरलेलं टायर पंक्चरवाल्याला तरी पटलं असतं का?

मग कपाटातून पप्पांचं डिप्लोमाचं जुनं पुस्तक काढलं. त्यात हवेचा आर चक्क 29.27! तो किलोग्रॅम-बल मीटरचा. 9.81 ने गुणलं की झाला 287. केमिस्ट्रीतला 0.0821 लिटर आणि अॅटमॉस्फिअरचा, 1.987 कॅलरीचा. ते दोघं 8.314 चीच भावंडं, फक्त मापं वेगळी. 20 मे 2019 पासून तर या आरची किंमत जगभर कायमची ठरवून टाकली आहे. पण कोणत्या गणितात कोणतं रूप घ्यायचं, ते आपणच बघायचं.

परत येताना पप्पांनी गाडीत हवा भरली. पोराने विचारलं, ‘‘किती?’’ पप्पा म्हणाले, ‘‘तीस.’’ तीस काय, ते कोणीच बोललं नाही. तीस पीएसआय म्हणजेच माझे 207 किलोपास्कल! मला हसूच आलं. दुकानात एकच गेज, तिथे चालतं. पेपरात मात्र वातावरणाचा दाब मिळवायचा विसरलात तर 103 ग्रॅमचे 69 होतात. आणि केल्विनऐवजी सेल्सिअसच ठेवलं तर उत्तर जवळजवळ आठपट!

तेव्हा ज्युनियर्सनो, आकडे टाकण्याआधी आरचं युनिट लिहा. दाब, आकारमान त्याच मापात आणा, युनिट्स काटा आणि शेवटी काय उरतं ते बघा. मोल उरले तर मोलच लिहा. अर्धं मिनिट लागतं. माझं त्यापायी अख्खं सेमिस्टर टेन्शनमध्ये गेलं.

केटी निघाली त्या दिवशी आजोबांना फोन केला. ‘‘आजोबा, बावन्न मिळाले!’’

पलीकडून लगेच प्रश्न, ‘‘किती पैकी?’’