मंगल, दूध आटलेलं नाही

चि. सौ. मंगल हिला आक्काचे आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "आक्का, दूध पुरंना. पावडरचा डबा आणू का?" मागे लेकरू रडत होतं, तूही. मला रात्रभर झोप आली नाही.

सासूबाई म्हणतात, हल्लीच्या पोरींना अंगावर पाजायचा कंटाळा. मनाला लावून घेऊ नकोस. आशा सेविका म्हणून दारोदार फिरताना पाजायचं नाही म्हणणारी बाई मला क्वचितच भेटली. वेळ नाही म्हणणाऱ्या घरोघरी. पहाटे अंधारात कोयता हातात, लेकरू उसाच्या फडाच्या कडेला झोळीत. ते रडलं तरी मोळ्या बांधून होईपर्यंत हलायचं नाही. एक दिवस बसलं की खाडा, मुकादमाच्या वहीत उचल आणखी वर. यात कंटाळा कुठं आला?

माझ्या थोरल्याच्या वेळी पहिला पिवळा चीक 'वाईट दूध' म्हणून मी पिळून टाकला, मध चाटवला. तेव्हा मला कुणी सांगणारं नव्हतं. आजही वाईट वाटतं. लेकराची पहिली लस म्हणजे तो चीक. आणि पहिल्या दिवशी त्याच्या पोटात मावतंच चमचाभर, म्हणून तेवढाच येतो.

तुझं दूध आटलेलं नाही गं. छाती भरलेली राहिली की अंग दूध कमी करतं, रिकामी झाली की पुन्हा भरतं. तुझ्या दोन पाजण्यांत पाच-सहा तास जातात, गोष्ट एवढीच. रात्री त्याला कुशीत घेऊन जागं राहून पाज, रात्रीच्या पाजण्यानं दूध वाढतं. आणि दुपटी मोज. दिवसरात्रीत सहा-सात वेळा शू झाली, वजन वाढतंय, तर त्याला पुरतंय.

डॉक्टरांनी सांगितलं तर डबा द्यावाच लागतो, तेव्हा मी स्वतः आणून देईन. पण तुझ्या कोपीत टँकरचं पाणी, एकच पातेलं. बाटली उकळणार कधी? गेल्या वर्षी एका घरी डबा महिनाभर पुरवायचा म्हणून आई दोन मापांऐवजी एकच घालत होती. लेकरू शांत झोपायचं आणि माझ्या वजनकाट्याचा काटा जागचा हलत नव्हता. त्या माउलीला काय बोलणार? 1992 च्या कायद्यानं या डब्यांची जाहिरात बंद आहे, आईचं दूधच सर्वांत चांगलं असं डब्यावर छापावं लागतं. 2017 पासून नोकरदार बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. फडावर मात्र रजा पोचली नाही, डबा पोचला.

म्हणून पाव्हण्यांना माझं नाव घेऊन सांग: सकाळी मधे दोनदा अर्धा-अर्धा तास मोळ्या त्यांनी एकट्यानं बांधायच्या. पाचटाची धूळ धुऊन, हात साबणानं स्वच्छ करून तू पाजायचं. निघताना हातानं पिळून स्टीलच्या वाटीत दूध काढून झाकून ठेव. सावलीत चार तास टिकतं. सासूबाईंनी ते वाटी-चमच्यानं पाजायचं, बाटलीनं नाही. मुकादमाशी मी बोलते.

रविवारच्या एसटीनं येते. आईचं चांदीचं बोंडलं आणते, आळिवाचे लाडूही. फड बदलला तर शनिवारी रात्रीच कळव.

तुझी,
आक्का