तोबियासचा कुत्रा आणि आमची ब्राउनी

आपल्या कॅथलिक बायबलातल्या तोबितच्या पुस्तकात एक कुत्रा आहे. त्याला नाव नाही, काम नाही. तरुण तोबियास प्रवासाला निघतो, महादूत राफाएल अनोळखी वाटाड्या होऊन सोबत चालतो आणि त्यांच्या मागून हा कुत्रा. उल्लेख जेमतेम दोनदा. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात मात्र परतताना तो पुढे धावतो, शेपटी हलवतो. घरी आंधळा बाप वाट पाहत असतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा पाठ आला की मुलं बाकी सगळं सोडून कुत्र्याचंच विचारतात.

राफाएल म्हणजे ‘देव बरे करतो’. मिखाएल आणि गाब्रिएल यांच्यासोबत त्याचा सण २९ सप्टेंबरला. आदल्या दिवशी, लुई पाश्चरच्या स्मृतिदिनी, जागतिक रेबीज दिन असतो. त्याच आठवड्यात आम्ही ब्राउनीला वर्षाच्या तपासणीला आणि लशीला नेतो. तारीख लक्षात राहते.

ब्राउनी अकरा वर्षांची पॉमेरेनियन. आमची म्हणायची, पण खरी आईची. तीन वर्षांपूर्वी आईला पक्षाघात झाला, उजवी बाजू आणि वाचा गेली. तेव्हापासून ब्राउनी तिच्या पलंगाखालून हलत नाही. दोघींचं दिवसभर काय चालतं ते त्यांनाच ठाऊक.

बेळगावात कॅम्पातून टिळकवाडीला जायचं तर कुत्रं बघून रिक्षावाला वीस रुपये जास्त सांगतो. ते चालायचंच. दवाखान्यात वजन झालं, ताप बघितला (कुत्र्याला १०१ ते १०२ फॅरनहाइट म्हणजे ताप नव्हे, नेहमीचंच), हिरड्या, दात, कान, पोट. डॉक्टर विचारत होते: जिना चढताना थांबते का? रात्री खोकते का? पाणी किती पिते? ब्राउनी टेबलावर थरथरत उभी आणि उत्तरं आम्ही देत होतो. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती आठवला. चौघांनी त्याला छपरातून खाली सोडला, प्रभूने त्या माणसांचा विश्वास पाहिला. त्या आजाऱ्याच्या तोंडी तिथे एकही शब्द नाही. आईच्या आजारपणानंतर ती गोष्ट आम्हाला वेगळीच कळते.

मग स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या बाजूला जरा जास्तच वेळ थांबला. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, थोडं रक्त मागे फिरतं, त्याचा आवाज येतो. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हे बऱ्याचदा दिसतं म्हणे. आज औषध नको, पण एक्स-रे आणि इको करून घ्या. रोज ती गाढ झोपली की श्वास मोजा. मिनिटाला ३०च्या वर जाऊ लागले तर लगेच घेऊन या.

“कुत्र्याचा इको?” शेजारच्या मावशींनी विचारलं. त्यांच्या नातवाची फी थकलेली आहे; त्या कुचकटपणे बोलल्या नाहीत. प्रश्न खरा आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात २४१६ व्या परिच्छेदात प्राण्यांना माया द्यावी असं सांगताना असिसीकर संत फ्रान्सिस आणि संत फिलिप नेरी यांची आठवण काढली आहे. पण दोनच परिच्छेद पुढे बजावलं आहे की माणसांच्या दुःखावर आधी खर्चायचा पैसा प्राण्यांवर उधळू नये. वर्गात आम्ही दोन्ही शिकवतो, पहिलं तेवढं वाचून पुस्तक मिटता येत नाही. त्या रात्री घरात हिशेब झाला. गरिबांच्या पेटीचं पाकीट आधी बाजूला काढलं, मावशींशी फीबद्दल बोलणं झालं, दिवाळीचे नवे पडदे रद्द झाले आणि मग इकोची तारीख घेतली. पुढच्या बुधवारी आहे. काय निघेल ते निघेल. पलंगाखालची जागा रिकामी झाली तर आईला कसं सांगायचं, हा विचार मनात येतो आणि आम्ही तो तिथेच थांबवतो.

श्वास मोजायचं काम आईने आपणहून घेतलं. आम्ही मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा गजर लावतो. ब्राउनीची कूस वर गेली की आईच्या डाव्या हातातला रोझरीचा एक मणी पुढे सरकतो. काल रात्री दहा मणी संपून वर एक झाला. वहीत लिहिलं: २२.