बिनस्टिकरचं संत्रं

सुमो सिट्रसच्या स्टिकरला मी बरीच वर्षं इमानेइतबारे पैसे मोजले. नागपूरच्या बाईने संत्र्यावर एवढा खर्च करावा, हे माहेरी सांगायची सोय नव्हती. पण जानेवारी लागला की इथे कॅलिफोर्नियात ती डोक्यावर टेंगूळ आलेली, खडबडीत सालीची मोठाली फळं दुकानात यायची आणि मी भाव न बघता पिशवी भरायचे. साल सुटी, बी नाही, फोडीवरची पापडी इतकी पातळ की तोंडात चोथा उरत नाही. असं फळ दुसरं कुठलं नाही, हे माझं ठाम मत.

आता तेवढं ठाम राहिलेलं नाही. सुमो हे व्यापारी नाव. फळाची जात शिरानुई. 1972 साली जपानमध्ये, नागासाकीतल्या सरकारी संशोधन केंद्रात कियोमी आणि पोंकन यांच्या संकरातून ती निघाली. (पोंकन आपल्या नागपुरी संत्र्याच्याच गोतावळ्यातलं, तेव्हा माहेरी तोंड दाखवायला थोडी जागा झाली.) कोरियात याच फळाला हल्लाबोंग म्हणतात. अमेरिकेत सुमो म्हणून ते 2011मध्ये आलं, पण ही झाडं इतर बागायतदारही लावतात. त्यांची फळं आशियाई किराणा दुकानांत नुसती ‘शिरानुई’ अशी पाटी लावून मिळतात, आमच्याकडे जवळपास निम्म्या भावात.

मग नावाचे पैसे म्हणजे निव्वळ लूट, असं म्हणून मोकळी होणार होते. पण बिनस्टिकरच्या पहिल्या खेपेची फळं चांगलीच आंबट निघाली. जपानमध्ये याच फळाला ‘डेकोपोन’ हे नाव लावायचं तर गोडी किमान 13 ब्रिक्स आणि आम्लता 1 टक्क्याच्या आत लागते. त्यात न बसलेलं फळ त्या नावाने विकता येत नाही. शिवाय आंबटपणा उतरावा म्हणून तोडणीनंतर ते काही आठवडे ठेवून देतात. निवडायची आणि थांबायची मजुरी कुणीतरी करतंच.

ती आता मी घरीच करते. टेंगळाकडे बघत नाही, त्याचा गोडीशी संबंध नाही. हाताला जड लागेल ते घेते आणि गॅरेजच्या गारव्यात, खोक्यात एकमेकांना न टेकवता आठवडा-दोन आठवडे ठेवते. साल जराशी सैल पडून दाबल्यावर मऊ लागली की सोलायचं. तरीही एखादं आंबट निघतं, त्याचं सरबत. नवऱ्याला हा उद्योग मुळीच पटलेला नाही. तो अजून स्टिकरवालीच आणतो, आणि त्याच्या पिशवीतलं मी खात नाही असंही नाही.