पेटीत राणी देताना

चि. बंडूस,


राणीमाशी सोमवारी येणार आणि मंगळवारी तू ती मधपेटीत सोडणार, असं लिहिलं आहेस. इतक्यात सोडू नकोस. पिंजऱ्यात सोबतच्या माश्या तिला भरवतात, त्यामुळे सावलीत ठेवलीस तर दोन-चार दिवस ती आरामात काढेल. तोवर तुझी पेटी खरंच बिनराणीची आहे का, ते बघ.

ऊन पाठीवर घे, चौकट तिरकी धर आणि घरांच्या तळाशी नजर लाव. दीड मिलिमीटरचं पांढरं अंडं तळाच्या मधोमध, घरात एकच असं दिसलं, तर राणी आहे, निदान तीन दिवसांपूर्वीपर्यंत होती. कारण त्यानंतर अंड्याची अळी होते. एकेका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली, तर कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. त्यातून नुसते नर निपजतात. तशा पेटीला विकतची राणी म्हणजे पैसे पाण्यात. ती दुसऱ्या पेटीत मिसळून टाक. काहीच दिसलं नाही, तर मिलन न झालेली कुमारी राणी आत फिरत असू शकते. म्हणून दुसऱ्या पेटीतली अंड्यांची चौकट, माश्या झटकून, आत दे. चार दिवसांत तिच्यावर राणीघरं उठली, तर पेटी पोरकी हे नक्की. ती सगळी मोड, मग पिंजरा ठेव.

इतका खटाटोप कशाला, म्हणशील. सगळा कारभार वासाचा. राणीच्या अंगचा गंध माशीकडून माशीकडे पेटीभर फिरतो. राणी गेली तरी तो लगेच विरत नाही. स्वित्झर्लंडच्या ह्यूबरनं हे सव्वादोनशे वर्षांपूर्वी करून पाहिलं. गृहस्थ आंधळा, बुर्नांस नावाचा त्याचा नोकर डोळे लावून बघायचा आणि हा प्रश्न विचारायचा. जुनी राणी काढल्यावर बारा तासांच्या आत परकी दिली, तर माश्यांनी तिला घेरून कोंडलं; चोवीस तासांनी दिली, तर तिला राणी मानलं. 1792 साली आलेलं त्याचं पुस्तकही मित्राला लिहिलेल्या पत्रांचंच आहे, म्हणजे आपली परंपरा बरी आहे!

लोक राणीला नव्या सुनेची उपमा देतात. मला ती अर्धीच पटते. हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते, तेव्हा दोन-अडीच महिन्यांत घरातलं सगळं माणूस हिच्याच पोटचं होतं. सासर उरतच नाही. तुझ्या मेलिफेराच्या, म्हणजे विलायती माशीच्या, पेट्या परकी राणी अशी स्वीकारली गेली म्हणूनच आल्या आहेत. 1962 साली हिमाचलातल्या नगरोट्याला कीटकशास्त्रज्ञ डॉ. अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलिफेराच्या राण्या आपल्या देशी माश्यांच्या वसाहतींत दिल्या. देशी माश्यांनी परक्या जातीची पिल्लं पोसली, आणि मेलिफेरा या देशात रुजली. जात वेगळी असूनही जमलं, मग तुझी तर जातवालीच आहे.

आता पिंजरा. तोंडाचं बूच म्हणून पिठीसाखर मधात घट्ट मळून लाव. साखर घरीच दळ, बाजारच्या पिठीत बऱ्याचदा मक्याचं पीठ असतं. मध तुझ्याच पेटीचा घे, परक्या मधातून रोग येतो. पिंजरा पिल्लांच्या दोन चौकटींमध्ये, जाळी मोकळी राहील असा ठेव; तिथे कोवळ्या माश्या असतात आणि त्या भांडत नाहीत. फुलोरा नसेल तर आठवडाभर साखरेचं पाणी दे.

दुसऱ्या दिवशी अलगद झाकण उचलून जाळीवरच्या माश्या बघ. बोटानं हलकेच सारल्यावर बाजूला होत असतील, जीभ आत घालून राणीला भरवत असतील, तर चिंता नाही. जाळीला घट्ट चिकटून तारा चावत असतील, सारल्या तरी हटत नसतील, तर बुचावर चिकटपट्टी लावून आणखी दोन दिवस थांब. सुटल्यावर राणीभोवती माश्यांचा गोळा झालेला दिसला, तर हातानं सोडवायला जाऊ नकोस. अख्खा गोळा कोमट पाण्याच्या भांड्यात टाक, माश्या सुटतात. राणी वेचून पुन्हा पिंजऱ्यात घाल.

राणी सुखरूप सुटलेली दिसली की मात्र आठ दिवस चौकटींना हात लावायचा नाही. आतल्या माश्या आधीच बावरलेल्या असतात, पेटी उघडली की राग राणीवर निघतो. मग उघडलीस तरी राणी शोधत बसू नकोस. अंडी दिसली की चौकट जागेवर ठेव, झाकण लाव आणि मला उत्तर लिही.

तुझी,
आत्या