घरचा भुंगेरा, बाहेरचा भुंगेरा

वाचकहो, आश्विन महिन्यात भंडारा जिल्ह्यात आलात, तर साकोलीहून लाखांदूरच्या वाटेला लागा. दोन्ही बाजूंना निसवलेल्या धानाच्या बांध्या दिसतील. मधूनमधून कोहळी लोकांनी पूर्वी खोदलेले मालगुजारी तलाव लागतील.

गेल्या हंगामात याच वाटेवर एका शेतकऱ्याने मला थांबवले. पाठीवर पंप बांधूनच उभा होता. म्हणाला, "साहेब, लोंबीवर हे तांबडे भुंगेरे चढले. मारू का फवारा?"

मी एक भुंगेरा तळहातावर घेतला. मसुराच्या दाण्याएवढा, पाठ ढालीसारखी फुगीर. हा आपला ढालकिडा. तुडतुड्यांची पिल्ले हे त्याचे अन्न. धान फुलोऱ्यात आला की परागही खातो, म्हणून लोंबीवर दिसतो. दाण्याला त्याचा त्रास नाही.

त्याचा कॉलेजात शिकणारा मुलगा जवळच होता. म्हणाला, "मग बाहेरून याहून खादाड भुंगेरे आणून सोडले तर?"

प्रश्न चांगला होता. बांधावर बसूनच त्याला दोन पाहुण्यांची गोष्ट सांगितली.

पहिला पाहुणा ऑस्ट्रेलियाचा, क्रिप्टोलिमस. तो १८९८ साली दक्षिण भारतात कॉफीवरील खवले किडीसाठी आणला. ते काम त्याला जमले नाही, पण पिठ्या ढेकणावर तो पक्का बसला. आज द्राक्ष आणि पेरूच्या बागांत तो मुद्दाम सोडतात. त्याची आवड ठराविक, म्हणून तो येथे निभला.

दुसरा चीन-जपानकडचा, हार्मोनिया नावाचा. मावा खातो म्हणून अमेरिकेत आणि युरोपात त्याला हौसेने सोडले. पण मावा संपला की हा तिथल्या ढालकिड्यांची अंडी-पिल्लेच खातो. इंग्लंडात तर कोणी सोडला नव्हता, तरी २००४ मध्ये तो आपणहून पोचला. पुढच्या पाच वर्षांत तिथला दोन ठिपक्यांचा ढालकिडा ४४ टक्क्यांनी घटला. बेल्जियममध्ये ३० टक्क्यांनी. एकदा पसरलेला भुंगेरा परत गोळा करता येत नाही. म्हणूनच परदेशातून मित्रकीटक आणायला सरकारी परवाना लागतो, आणि बंदिस्त जागेत पारख झाल्याशिवाय तो शेतात सोडत नाहीत.

पण वाचकहो, घरच्या ढालकिड्याला संपवायला परदेशी भुंगेराच लागतो असे नाही. नोकरीच्या सुरुवातीला मीच एका शेतकऱ्याला "खबरदारी म्हणून" दोन फवारण्या सांगितल्या होत्या. ढालकिडे मेले, कोळी मेले. मग तुडतुडे असे वाढले की बांधीत गोल गोल चकत्या करपल्या. त्या माणसाच्या हाती तणसच उरली. ते शेत अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या दिवशी आम्ही तिघांनी धानाचे वीस चूड फाकवून बुंध्याशी पाहिले. कुठे एक, कुठे दोन तुडतुडे; कोळी मात्र भरपूर. शेतकऱ्याने पंप खाली ठेवला.

तुम्हीही तेच करा. पाण्यालगत बुंधा पाहा. चुडाला पाच ते दहा तुडतुडे भरले, तरच औषधाचा विचार करा, आणि तोही कृषी सहायकाला विचारून. बाहेरचा पाहुणा बोलावण्याआधी घरचा राखणदार जपा. तो मजुरी मागत नाही.