चोचीतले मासे

संपादकांनी या अंकासाठी फोटो मागितला तो नेमका एकच: चोचीत मासे धरलेला पफिन हा समुद्रपक्षी. तो फोटो मी देणार नाही. का, ते सांगायला हा लेख.

तो फोटो फेअर आयलवरचा. हे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधल्या समुद्रातलं बेट. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, माणसं अगदी मोजकी. दक्षिणेकडे घरं आणि शेतं, उत्तरेकडे मेंढ्यांचं सामाईक गायरान. धुकं उतरलं की छोटं विमान येत नाही, समुद्र खवळला की ‘गुड शेफर्ड’ ही बोटही सुटत नाही. मेंढ्या गोळा करायच्या दिवशी हात लागतील तेवढे कमीच, त्या दिवशी मी कॅमेरा घरी ठेवते. जगाला हे बेट माहीत आहे ते विणकामामुळे. एका ओळीत दोनच रंग, तरी अख्खा स्वेटर रंगांनी भरलेला दिसतो. बायका एक सुई कमरेच्या चामडी पट्ट्यात खोचतात आणि बोलता बोलता विणतात. त्या हातांचे माझ्याकडे शेकडो फोटो आहेत. ते कोणी मागत नाही.

मागतात पफिन. बेटावर त्याला ‘टॅमी नोरी’ म्हणतात. एप्रिलपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो कड्यावरच्या गवतात, जमिनीतल्या बिळात एकच अंडं घालून पिल्लू वाढवतो. फोटोला हा पक्षी अवघड. पाठ काळीकुट्ट, छाती पांढरीशुभ्र. काळ्यातली पिसं दिसावीत म्हणून एक्स्पोजर वाढवलं की छाती जळून सपाट होते, आणि जळलेलं पांढरं नंतर कशानेही परत येत नाही. म्हणून मी दोन-तृतीयांश स्टॉप कमीच ठेवते. जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो, पण पुरता अंधार होतच नाही. त्या प्रकाशाला तिकडे ‘सिमर डिम’ म्हणतात. त्या वेळी छातीवर मऊ सावली येते आणि पक्षी गोल दिसू लागतो.

अशाच एका संध्याकाळी मी कड्यावर बसले होते. एक पफिन चोचीत मासे घेऊन आला, घिरटी घालून समुद्राकडे गेला, पुन्हा आला. वीसेक मिनिटं हेच. मला वाटलं, नशीब उघडलं. तेवढ्यात मेंढ्या बघायला आलेले एक वयस्क शेतकरी मागून म्हणाले, ‘‘बाई, त्याच्या दारात बसली आहेस तू.’’ माझ्या गुडघ्यामागे हातभर अंतरावर बीळ होतं. मी उठून लांब गेले. पक्षी उतरला आणि क्षणात आत शिरला.

पफिन एरवीही घिरट्या घालतात, शत्रूला चकवायला थव्याने गोल फिरतात. तेव्हा दोष तुझाच कशावरून, असं जाणकार मित्र म्हणतात. ते खरंही असेल. पण मासे घेऊन हवेत राहिलेल्या पफिनवर ‘बॉन्क्सी’, म्हणजे मोठे स्क्युआ, झडप घालून घास लुटतात. पिल्लू आत उपाशी असतं. ‘तो उडून गेला नाही, म्हणजे त्याला त्रास नाही’ हे वाक्य मी लोकांकडून इतकं ऐकलं आहे की आता संताप येतो. त्रास झालेला पक्षी पळतोच असं नाही. त्याला जायचं असतं तिथे तो जाऊ शकत नाही, एवढंच होतं, आणि फ्रेममध्ये ते दिसत नाही. आपल्याकडे फोटोसाठी स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याभोवतीच्या फांद्या छाटणाऱ्यांवर आपण तुटून पडतो, ते योग्यच. पण मी एकही फांदी छाटली नव्हती.

चोचीतल्या माशांचा फोटो मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. २०१७ साली ब्रिटनमधल्या पक्षीसंरक्षण संस्थेने लोकांकडून असेच फोटो मागवले आणि पफिन पिल्लांना काय भरवतात, मासे किती मोठे आहेत, याचा अभ्यास केला. ‘सँडईल’ नावाचे पातळ, रुपेरी मासे कमी झाले की या कड्यांवरची पिल्लं जगत नाहीत. शेटलंडच्या किनाऱ्यावर किटीवेक पक्ष्यांची घट साऱ्यांनी पाहिली आहे. मार्च २०२४मध्ये स्कॉटलंडने आपल्या पाण्यातली सँडईलची मासेमारी थांबवली. असा फोटो दुरून, बीळ कुठे आहे ते आधी पाहून काढता येतो. माझा तसा काढलेला नाही.

संपादकांना दुसरा फोटो पाठवला आहे. एका घराच्या भिंतीशी, धुऊन लाकडी चौकटीवर ताणलेला स्वेटर वाळतो आहे. मागे कडा आणि समुद्र. उजव्या वरच्या कोपऱ्यात, नखाएवढा, घराकडे निघालेला एक टॅमी नोरी आहे. छपाईत तो निसटू नये, एवढीच विनंती केली आहे.