वर्तमानकाळात सांगा
११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या ७ लोकलमध्ये स्फोट झाले. त्यातल्या एकीतून मामू जिवंत उतरले, पण पुन्हा गाडीत चढले नाहीत. “त्याच्यासमोर विषय काढू नका,” ही अम्मीची ताकीद. आम्ही त्यालाच सब्र समजलो.

गेल्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी एडना फोआ यांची पद्धत सुरू केली. डोळे मिटून ती संध्याकाळ मोठ्याने सांगायची, तीही वर्तमानकाळात: “मी दाराशी उभा आहे.” त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. वर्गात मी शिकवते, भूतकाळ म्हणजे संपलेली क्रिया. मामूंची संपलीच नव्हती.

सुरुवातीला त्यांची झोप आणखी उडाली. अम्मी माझ्यावरच चिडली. मग स्टेशनच्या पुलावर नुसतं उभं राहणं, फलाटावर बसणं, भीती ओसरेपर्यंत. परवा लोकलने एक स्टेशन गेलो. उतरल्यावर मामू म्हणाले, “गर्दी फार वाढलीय.”